आकृतीत डझनभर भाग, सूक्ष्मदर्शकाखाली दोनच: मग बाकीची पेशी कुठे असते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. प्रात्यक्षिकाला कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून पाहिला. पेशीभित्तिका दिसली, कडेला सरकलेलं पिवळसर केंद्रक दिसलं आणि बाकी सगळं रिकामं. पुस्तकातल्या आकृतीत मात्र तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रायबोझोम असे डझनभर भाग रंगीबेरंगी काढलेले असतात. तर हे भाग खरंच असतात का, की समजवायच्या सोयीसाठी काढलेत? आणि असतील तर नावं आणि कार्यं पाठ करण्यापलीकडे ते लक्षात कसे ठेवायचे?

मी बरीच वर्षं प्रकाश-सूक्ष्मदर्शक आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, दोन्हींसाठी पेशींचे नमुने तयार करण्याचं आणि पाहण्याचं काम करतो. माझ्या मते तुमची खरी अडचण अशी आहे की ती आकृती तुम्हाला छायाचित्र असल्यासारखी दाखवली गेली. ती छायाचित्र नाही, नकाशा आहे. वेगवेगळ्या पेशींवर, वेगवेगळ्या उपकरणांनी, शंभरहून अधिक वर्षांत गोळा झालेली माहिती एका चौकटीत बसवून काढलेला नकाशा. त्यातले भाग खरे आहेत. पण नेमकी तशी दिसणारी एकही पेशी कुठे सापडणार नाही.

आधी न दिसण्याबद्दल. सगळे म्हणतात की भाग फार लहान असतात म्हणून दिसत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा (म्हणजे २०० नॅनोमीटरपेक्षा) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे येते आणि एर्न्स्ट ॲबे यांनी ती १८७३ मध्येच मांडली होती. रायबोझोम २५ ते ३० नॅनोमीटरचा, म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी खाली. प्रद्रव्यपटलाची, म्हणजे पेशीला वेढणाऱ्या पातळ पडद्याची, जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. हे भाग तुमच्या सूक्ष्मदर्शकात दिसणं शक्यच नाही. पण तंतुकणिकेचं काय? तिची रुंदी अर्धा ते एक मायक्रोमीटर असते, म्हणजे बऱ्याच जिवाणूंएवढी. मर्यादेच्या हिशेबाने ती दिसायला हवी. तरी दिसत नाही, कारण ती पारदर्शक आहे आणि तिच्या भोवतीचं पेशीद्रव्यही पारदर्शक आहे. दोन्हींमधून प्रकाश जवळपास सारखाच जातो. म्हणजे अडचण आकाराची कमी आणि उठावाची जास्त आहे. तुम्ही आयोडीन घातलंत ते उठाव आणण्यासाठीच. आयोडीनने केंद्रक उठून दिसलं, तंतुकणिका दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्याच स्लाइडकडे जरा नीट पाहू. मधला जो भाग तुम्हाला रिकामा वाटला ती रिक्तिका आहे. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत ती एकटी ९० टक्क्यांपर्यंत जागा व्यापू शकते. तिच्या दाबाने सगळं पेशीद्रव्य भित्तिकेला चिकटून एका पातळ थरात पसरलेलं असतं आणि केंद्रकही त्याच थरात कडेला दबलेलं असतं. तुम्ही पेशीच्या मध्यभागी बाकीचे भाग शोधत होतात आणि ते सगळे त्या कडेच्या थरात होते.

पुढच्या वेळी एक करून पाहा. दुसरा ताजा पापुद्रा घ्या आणि आयोडीन न घालता नुसत्या पाण्यात ठेवा. कव्हरस्लिप ठेवा, ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर जा आणि कंडेन्सरखालचा, प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम बराच बंद करा. चित्र काळोखं होईल, पण उठाव वाढेल. मग सूक्ष्म फोकसचा स्क्रू अगदी हळू फिरवत भित्तिकेलगतचा थर शोधा. पेशी जिवंत असेल तर त्या थरात बारीक कण एका दिशेने सरकताना दिसतील. कधी एखादा कण थबकतो आणि पुन्हा चालू लागतो. रिक्तिकेतून आरपार गेलेले पेशीद्रव्याचे धागेही दिसतील आणि त्यांच्यावरूनही कण धावत असतील. आयोडीनने पेशी मरते, म्हणून केंद्रक ठळक दिसतं आणि ही सगळी हालचाल थांबते. प्रात्यक्षिकात फक्त रंगवलेला पापुद्रा दाखवून मुलांना सोडणं मला पटत नाही, ते याचसाठी. पेशी स्थिर असते असा समज तिथेच पक्का होतो आणि मग तो काढणं अवघड जातं.

प्रद्रव्यपटल दिसत नाही, पण ते आहे हे तुम्ही स्वतः दाखवू शकता. त्याच पापुद्र्याच्या एका कडेला मिठाचं दाट द्रावण सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि आतला ऐवज भित्तिकेपासून सुटून आकसतो. लाल कांद्याचा रंगीत पापुद्रा असेल तर हे फार स्पष्ट दिसतं, कारण रंगद्रव्य रिक्तिकेत असतं. भित्तिका जागच्या जागी राहते आणि आतला रंगीत गोळा लहान होत जातो. त्या गोळ्याची कड जिथे संपते तिथे प्रद्रव्यपटल आहे. पाणी बाहेर आलं, रंग मात्र बाहेर आला नाही. म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय नाही हे ठरवणारं काहीतरी तिथे आहे. मग पुन्हा साधं पाणी सोडा. पेशी मेली नसेल तर गोळा फुगून भित्तिकेला टेकतो.

आता तुमच्या शंकेचा गाभा: हे भाग खरंच असतात का? ही शंका अजिबात बाळबोध नाही. खुद्द शास्त्रज्ञ तिच्यावरून अनेक दशकं भांडले. कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत जाळीसारखी एक रचना पाहिली. पण ती प्रत्येक वेळी दिसायची नाही आणि रंगवण्याची पद्धत बदलली की तिचं रूप बदलायचं. त्यामुळे ती रसायनांनी तयार झालेली खोटी रचना आहे, असं म्हणणारे अभ्यासक पुढची जवळजवळ पन्नास वर्षं होते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्पष्ट दिसल्या, तेव्हा कुठे वाद मिटला.

याच्या उलटही घडलं आहे. जिवाणूंच्या पटलाला आत वळलेल्या घड्या असतात, त्यांना मेसोसोम म्हणतात आणि त्या श्वसनात भाग घेतात, असं कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत त्या घड्या दिसतही होत्या. पुढे रसायनांऐवजी अतिशीघ्र गोठवून नमुने तयार केले, तेव्हा घड्या नाहीशा झाल्या. नमुना टिकवण्यासाठी वापरलेल्या रसायनांनीच त्या तयार होत होत्या. काही पुस्तकांत त्या अजूनही सापडतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? आमच्या कामात साधा दंडक आहे. एखादी रचना एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन-तीन पद्धतींनी पुन्हा पुन्हा मिळाली तरच ती मानायची. डोळ्यांनी दिसणं हा त्यातला एक पुरावा, एकमेव नव्हे. लयकारिकेची, म्हणजे पेशीतला नको असलेला माल पचवणाऱ्या पिशवीची, गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे, कारण ती दिसण्याआधीच कळली. क्रिस्तियान द दूव्ह आणि त्यांचे सहकारी उंदराच्या यकृताच्या पेशी फोडून त्यातल्या एका विकराची (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची) क्रियाशीलता मोजत होते. ताज्या नमुन्यात ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी यायची. तोच नमुना काही दिवस थंडीत ठेवून पुन्हा मोजला, तर ती वाढलेली असायची. नव्याने विकर तयार होणं तर शक्य नव्हतं. म्हणजे विकर आधीपासून होतं, पण कसल्यातरी पटलाच्या पिशवीत बंद होतं. पिशव्या हळूहळू फुटल्या तसं ते मोकळं झालं. या तर्कावरून १९५५ मध्ये लयकारिकेचं नामकरण झालं आणि तिची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली ओळख त्यानंतर पटली. पेशी फोडून तिचे भाग सेंट्रिफ्यूजमध्ये वेगवेगळे करण्याचं तंत्र आल्बेर क्लोद यांनी बसवलं होतं. आधी केंद्रकं तळाला बसतात, वेग वाढवला की तंतुकणिका आणि लयकारिका, त्याहून वाढवला की आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे आणि सर्वांत शेवटी रायबोझोम. क्लोद, द दूव्ह आणि जॉर्ज पलाडे या तिघांना १९७४ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. तुमच्या आकृतीतला मोठा भाग त्यांच्या पिढीने भरला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं वाचतानाही सावध राहावं लागतं. नमुना मेलेला असतो, ऑस्मियम, युरेनियम, शिसं अशा जड धातूंनी माखलेला असतो आणि ५० ते १०० नॅनोमीटर जाडीच्या चकतीत कापलेला असतो. २० मायक्रोमीटर जाडीच्या पेशीचे ८० नॅनोमीटरचे छेद घेतले तर २५० होतात आणि पुस्तकात त्यातला एक छापलेला असतो. गुंडाळून ठेवलेली लांब दोरी एकाच घावात कापली तर कापलेल्या तोंडावर नुसते गोल आणि लंबगोल दिसतील, दोरीची लांबी कळणार नाही. तंतुकणिकेचं नेमकं हेच झालं. आकृतीत ती सुटी, लंबगोल, आखूड काढतात. जिवंत पेशीत प्रकाशणारं प्रथिन जोडून पाहिली, तर पुष्कळदा ती लांब, फांद्या फुटलेली, दुसरीला जुळणारी आणि पुन्हा तुटणारी दिसते. चित्रांतले रंगही नंतर भरलेले असतात, कारण इलेक्ट्रॉनच्या चित्राला रंग नसतो.

आकृती आणखी एक गोष्ट लपवते, ती म्हणजे प्रमाण. प्रत्येक भाग एक-दोनदा काढायचा अशी रीत पडली आहे. प्रत्यक्षात यकृताच्या एका पेशीत हजार ते दोन हजार तंतुकणिका असतात आणि पेशीच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या व्यापतात. त्याच पेशीतल्या सगळ्या पटलांचं क्षेत्रफळ मोजलं, तर बाहेरचं प्रद्रव्यपटल फक्त २ टक्क्यांच्या आसपास भरतं. जवळजवळ निम्मं पटल एकट्या आंतर्द्रव्यजालिकेचं असतं. स्वादुपिंडातली पाचक विकरं तयार करणारी पेशी घेतली तर हिशेब पुन्हा बदलतो. तिथे रायबोझोम चिकटलेली खडबडीत आंतर्द्रव्यजालिकाच एकूण पटलाच्या सुमारे ६० टक्के असते आणि रायबोझोम नसलेली गुळगुळीत १ टक्क्याहूनही कमी. सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल रक्तपेशीत तर केंद्रकही नसतं आणि तंतुकणिकाही नसतात. तेव्हा "पेशीत काय काय असतं" याचं उत्तर नेहमी "कोणत्या पेशीत" यावर अवलंबून राहणार. परीक्षेत एकच नमुना-आकृती लागते, ती काढा. फक्त तो नमुना आहे हे लक्षात असू द्या.

आता दुसरा प्रश्न, लक्षात कसं ठेवायचं. प्रत्येक भागासमोर एक ओळ लिहून पाठ करण्याची पद्धत मला निरुपयोगी वाटते. "तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र" हे वाक्य कोणीही म्हणतं, पण त्यातून ती इतर भागांशी कशी जोडलेली आहे हे काहीच कळत नाही. मी नव्या लोकांना एका प्रथिनाचा माग काढायला सांगतो.

स्वादुपिंडातलं एखादं पाचक विकर घ्या. त्याची कृती केंद्रकातल्या डीएनएमध्ये आहे. तिची नक्कल आरएनएच्या रूपाने केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर येते. बाहेर रायबोझोम ती नक्कल वाचून प्रथिनाची साखळी विणू लागतो. साखळीचा पहिला तुकडा एक खूण असते: मला आंतर्द्रव्यजालिकेत न्या. ही खूण आहे हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवलं आणि त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. त्या खुणेमुळे रायबोझोम जालिकेच्या पटलाला जाऊन चिकटतो आणि साखळी विणता विणताच आत सोडतो. जालिका खडबडीत दिसते ती अशा चिकटलेल्या रायबोझोममुळे. काम संपलं की रायबोझोम सुटतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. म्हणजे "मुक्त" आणि "चिकटलेले" अशा रायबोझोमच्या दोन जाती नाहीत. कोणता निरोप हाती पडला यावर त्यांची जागा ठरते.

आत गेलेल्या साखळीला घड्या पडतात, ती पटलाच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पुटिकेत, भरली जाते आणि पुटिका गॉल्गी संकुलाला जाऊन मिळते. तिथे तिच्यावर शर्करेच्या साखळ्यांचे फेरफार होतात आणि कुठे पाठवायचं ते ठरतं. पलाडे आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन हा प्रवास वेळेसह टिपला. पहिल्या काही मिनिटांत किरणोत्सार खडबडीत जालिकेत होता, साधारण वीस मिनिटांनी गॉल्गीत आणि दोन तासांच्या सुमारास स्रवण्यासाठी तयार असलेल्या कणिकांत. कणिकेचं पटल प्रद्रव्यपटलाला मिळतं आणि विकर बाहेर पडतं.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहा. जालिकेत शिरल्यावर ते प्रथिन बाहेर पडेपर्यंत पुन्हा एकदाही पेशीद्रव्यात आलेलं नाही. पटल ओलांडणं फक्त एकदा, अगदी सुरुवातीला घडलं. त्यानंतर पिशव्या पिशव्यांना मिळत गेल्या आणि सुटत गेल्या. म्हणजे जालिकेची आतली पोकळी एका अर्थाने पेशीच्या बाहेरच्या जगाशीच जोडलेली आहे. हे एकदा पटलं की केंद्रकाचं दुहेरी आवरण, जालिका, गॉल्गी, पुटिका, लयकारिका, प्रद्रव्यपटल हे सहा वेगळे भाग उरत नाहीत. ती एकमेकांना पटल देणारी-घेणारी एकच व्यवस्था आहे. केंद्रकाचं बाहेरचं पटल तर थेट जालिकेच्या पटलात मिसळलेलं असतं.

लयकारिकेची विकरं याच वाटेने जातात. गॉल्गीत त्यांना मॅनोज-६-फॉस्फेट नावाची खूण लागते आणि ती पाहून त्यांना लयकारिकेकडे वळवलं जातं. ही खूण लावणारं विकर जन्मतः सदोष असलं, तर लयकारिकेची विकरं पेशीबाहेर फेकली जातात आणि लयकारिकांत न पचलेला माल साठत राहतो. आय-सेल नावाचा गंभीर आनुवंशिक आजार असाच होतो. विकर तयार झालं, चांगलं झालं, फक्त चुकीच्या जागी गेलं, एवढ्याने मूल आजारी पडतं. रचना आणि कार्य वेगळं शिकता येत नाही, असं मी म्हणतो ते अशा उदाहरणांमुळे.

तंतुकणिका आणि हरितलवक या वाटेवर कुठेच येत नाहीत. त्यांची प्रथिनं बहुतेक पेशीद्रव्यातल्या रायबोझोमवर पूर्ण तयार होऊन थेट त्यांच्यात शिरतात. त्यांना दोन पटलं, स्वतःचे रायबोझोम आणि स्वतःचा डीएनए असतो. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए वर्तुळाकार आहे, त्यात १६,५६९ बेस-जोड्या आणि फक्त ३७ जनुकं आहेत. एकेकाळी स्वतंत्र जगणारे जिवाणू दुसऱ्या पेशीत राहू लागले आणि त्यांचे हे भाग झाले, असं लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ठामपणे मांडलं. आज ते सर्वमान्य आहे. आकृतीत ते जालिकेशेजारी काढलेले असतात, पण त्यांचं कूळ वेगळं.

तिसरा गट पटल नसलेल्यांचा: रायबोझोम, केंद्रकातली केंद्रकी (जिथे रायबोझोमचे भाग तयार होतात), तारककाय (पेशीविभाजनात भाग घेणारं) आणि पेशीकंकाल, म्हणजे पेशीतलं तंतू-नलिकांचं जाळं. पेशीकंकाल आकृतीत बहुधा नसतंच, याचं मला वाईट वाटतं. पुटिका गॉल्गीकडे आपोआप तरंगत जात नाहीत. पुष्कळदा २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिकांवरून चालक प्रथिनं त्यांना ओढून नेतात. कांद्याच्या पेशीत तुम्हाला जे कण धावताना दिसतील ते मुख्यतः ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंवरून धावत असतात.

तर तीन गट झाले: पटलांची जोडलेली व्यवस्था, स्वतःचा डीएनए बाळगणारे दोघे आणि पटल नसलेले. नवं नाव समोर आलं की ते कोणत्या गटातलं, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. वनस्पतीपेशीत थोडा फरक आहे. लयकारिकेचं बरंचसं काम तिथे रिक्तिका करते आणि सपुष्प वनस्पतींत तारककाय नसतं.

सूक्ष्मदर्शकावर पुढे काय पाहता येईल हे तुमच्याकडे कोणती सोय आहे यावर आहे. साध्या उपकरणावर हायड्रिलाचं कोवळं पान पाण्यात ठेवून हरितलवकं फिरताना पाहा. ती ५ मायक्रोमीटरच्या आसपास असतात आणि रंग त्यांचा स्वतःचाच, त्यामुळे रंगवावं लागत नाही. जानस ग्रीन बी हे रंगद्रव्य मिळालं तर अगदी सौम्य द्रावणात जिवंत पेशी ठेवा. तंतुकणिका निळसर-हिरव्या राहतात आणि भोवतालचा रंग हळूहळू उतरतो, कारण तंतुकणिकेतली विकरं त्याला रंगीत स्थितीत टिकवतात. त्यासाठी १००चं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह आणि शांतपणे बसायची तयारी लागेल. फेज कॉन्ट्रास्टची (पारदर्शक भागांना उठाव देणाऱ्या भिंगरचनेची) सोय असेल तर रंगाशिवायही बरंच दिसेल.

आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत जे दिसलं तेवढंच काढा. कांद्याच्या पेशीत भित्तिका, पेशीद्रव्याचा कडेचा थर, केंद्रक आणि रिक्तिका एवढंच दिसलं, तर तेवढंच नामनिर्देशित करा आणि शेजारी वर्धन आणि वापरलेलं रंगद्रव्य लिहा. पुस्तकातली पूर्ण आकृती वेगळ्या पानावर काढा. परीक्षकाने तंतुकणिका का नाही म्हणून विचारलं, तर ती या रंगात दिसत नाही आणि का दिसत नाही, हे त्यांना सांगा.